पुलरला पर्याय: हातभर आटेवाला रॉड

सोमवार, ता. ६
गाडी घरघरते. मिस्त्री म्हणाला, डाव्या पुढच्या चाकाचं बेअरिंग गेलंय. काढायला पुलर लागतो, स्पेशल टूल. स्पेशल! ज्ञानाला कुलूप घालायचं आणि किल्ली खिशात ठेवायची, याचं नाव स्पेशल. काम मीच करणार. शनिवारी दहाला लेकीचा इंटरव्ह्यू, बेचाळीस किलोमीटरवर. तिकडे बस नाही. आपल्या गाडीतून नेईन, असा शब्द दिलाय.

मंगळवार, ता. ७
हार्डवेअरच्या दुकानातून हातभर आटेवाला रॉड, नट, जाड वॉशर, पीव्हीसी पाइपचा तुकडा. झाला पुलर! दुकानदाराला श्रमिकांच्या स्वावलंबनावर वीस मिनिटं ऐकवलं. तेवढ्यात त्याने सहा गिऱ्हाइकं केली, पण मान डोलावत होता.

बुधवार, ता. ८, सकाळी
बायकोला आणि लेकीला गाडीत बसवलं आणि गाडीपुढे उभा राहून कामाची रूपरेषा सांगितली. आयुष्यभर सभा गाजवल्या. समोरच्याकडे तोंड करूनच बोलायची सवय. डावा हात पसरून म्हणालो, हे ते पापी चाक! लेक म्हणाली, "बाबा, नक्की?" शंका घेणं तरुणांना शोभतं. माफ केलं.

दुपारी
मधला नट हलेना. पान्याच्या दांड्यावर पाण्याचा लोखंडी पाइप चढवला. नट सुटला. मीही सुटलो, थेट कुंडीत. बायको म्हणाली, अहो, बोलवा ना मिस्त्रीला. गुलामगिरी अशीच सुरू होते, असं कुंडीतूनच सुनावलं.

गुरुवार, ता. ९
बेअरिंग निघालं! रॉड जिंदाबाद. बोटाने फिरवलं तर लोण्यासारखं फिरतं. खराब बेअरिंग इतकं छान फिरतं, हे एकाही पुस्तकात नाही. लेख लिहायला हवा.

शुक्रवार, ता. १०
नवं बेअरिंग बसवलं. चक्कर मारली. घरघर आहे. नवीन आहे, रुळेल. शेजारी बसलेली लेक म्हणते, आवाज माझ्या पायाखालून येतोय. लोखंडातून आवाज कुठेही जातो, हे तिला समजावलं. ती खिडकीबाहेर बघत राहिली.

शनिवार, ता. ११
सात वाजता मिस्त्री दारात. बायकोने परस्पर बोलावलेला, बेअरिंगसकट. विचारलं, कुठलं बदललंत? म्हणालो, डावं. त्याने मला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं आणि म्हणाला, आता डावा हात पसरा, साहेब.
हात पलीकडे गेला. नवं बेअरिंग अलीकडे, माझ्या उजव्या हाताच्या चाकात.
मग त्याने पिशवीतून पुलर काढला. आटेवाला रॉड, नट, वॉशर, पाइपचा तुकडा. माझ्या पुलरपेक्षा जरा गंजलेला, एवढाच फरक. हेच का स्पेशल टूल, विचारलं. म्हणाला, "हेच की. तुम्ही बघायला थांबलात कुठे? भाषण करत निघून गेलात."
पावणेनऊला गाडी तयार. आवाज नाही. लेकीने किल्ली माझ्या हातातून घेतली आणि म्हणाली, बाबा, तुम्ही डावीकडे बसा.
आणि बोटाने दाखवलं, कुठे ते.