गुरुवारची नावं

नाशिक रोड,
१३ नोव्हेंबर १९८५

प्रिय काळूदादा,

तुझं पत्र सोमवारी आलं. मी शाळेला निघाले होते, दारातच पोस्टमन भेटला, आणि पाकिटावरचं अक्षर बघून माझ्या हातातली तपासलेल्या वह्यांची पिशवी खाली पडली. आठ वर्षं आणि सात महिने. एवढ्या काळात दोन ओळींचं कार्ड नाही, आणि आता एकदम दोन पानं, सुरतेचा पत्ता, आणि शेवटी ‘रविवारी चोवीस तारखेला दुपारच्या गाडीने येतो.’ आनंद झाला का विचारशील तर झालाच. पण खरं सांगते, तो चहा उकळेपर्यंत टिकला. मग जी भीती वाटू लागली ती अजून गेलेली नाही. तू येण्याआधी तुला एक गोष्ट सांगणं भाग आहे, आणि ती कळल्यावर तू गाडीत बसशील की नाही याची मला खात्री वाटत नाही. तेव्हा मी जरा आडवळणाने जाणार. माझी खोड तुला माहीत आहे. लहानपणी बरणी फुटली तरी मी आधी शाळेतल्या गमती सांगत बसायचे.

तू लिहिलंस, होडीचं गाणं रेडिओवर लागलं की कारखान्यात तू मशीन बंद करतोस आणि मालकाच्या शिव्या खातोस. मला हसू आलं. दादा, ते गाणं मला कधीच फारसं आवडलेलं नव्हतं, हे आता कबूल करते. नदी, नावाडी, पैलतीर, सगळं जरा गुळगुळीतच. पण तू नळावर सायकल धुताना ते म्हणायचास, आणि दुसऱ्या कडव्यात जिथे श्वास घ्यायचा नाही तिथे नेमका घ्यायचास, कारण तेव्हाच तू मागचं चाक उचलायचास. माझ्या कानात तेच बसलंय. रेडिओवर मूळ गायक ती ओळ एका दमात म्हणतो तेव्हा मला वाटतं, हाच चुकतोय. आईचंही तसंच. ती म्हणते, “त्या रेडिओवाल्याला नीट म्हनता येत नाय, आपला काळू बरा म्हनायचा.”

आबांची गाणी वेगळी होती. प्रेसमधली पाळी संपवून आले की ढोलकी मांडीवर घ्यायचे, आणि मोतीरामकाका पेटी घेऊन यायचे. बाबासाहेबांची, पाण्याची, शाळेची, माणसाला उठवून उभं करणारी गाणी. गाण्याने माणूस ताठ झाला पाहिजे, असं ते म्हणायचे. तुला वाटायचं, गाण्याने माणूस जरा सैल झाला तरी चालेल. मला विचारशील तर दोघांचंही खरं होतं, पण मला कुणी विचारलं नाही. आणि आबांच्या गायन पार्टीचा मुख्य आवाज तू होतास, त्यामुळे भांडण गाण्याचं राहिलं नाही, घराचं झालं.

सत्त्याहत्तरच्या जयंतीची संध्याकाळ मी विसरू शकत नाही. वस्तीसमोर मंडप, पुढे बायकापोरं बसलेली, आबा ढोलकी घेऊन तयार, आणि तुझा पत्ता नाही. तू पिंपळगावला कुणाच्या लग्नात ऑर्केस्ट्राबरोबर होडीचं गाणं म्हणत होतास. लवकर आटपून परत येशील असा तुझा हिशेब होता, आणि टेम्पो वाटेत बंद पडला, हे आम्हाला फार नंतर कळलं. त्या दिवशी आबांनी सगळी गाणी स्वतः म्हटली. त्यांचा आवाज कसा होता तुला ठाऊकच आहे. मागच्या बाजूची पोरं हसली. आबा थांबले नाहीत, शेवटपर्यंत म्हणत राहिले, आणि मी पहिल्या रांगेत मान खाली घालून बसले होते. सकाळी तू आलास तेव्हा ते एवढंच म्हणाले, “ज्या तोंडानं त्ये गानं म्हनलास, त्या तोंडानं मला आबा म्हनू नको.” तू पिशवी उचललीस. आबांनी रेडिओ फळीवरून काढला आणि ट्रंकेत घालून कुलूप लावलं.

पुढचं वर्षभर मी कसल्या कसल्या भीतीत काढलं ते सांगत नाही. रेल्वेलाईनजवळ गर्दी दिसली की मी लांबचा रस्ता धरायचे. मग अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात मोतीरामकाकांना तू इगतपुरी स्टेशनवर दिसलास. पत्ता दिला नाहीस, घरी सांगू नका म्हणालास, पण जाता जाता एक बोललास की गुरुवारी संध्याकाळी फर्माइशींचा कार्यक्रम ऐकतो, तेवढीच घरची आठवण. काका आईच्या कानात ते सांगून गेले. दुसऱ्याच दिवशी मी पहिलं कार्ड टाकलं. होडीचं गाणं ऐकवावं, आणि खाली आईचं आणि आम्हा बहिणींची नावं: सुलाबाई, यशोदा, मंगल, नाशिक रोड. दर आठवड्याला एक कार्ड. वर्षातून तीनदा, फार तर चारदा लागायचं. आबांचं नाव घालायची हिंमत माझ्यात नव्हती, आणि घातलं असतं तर ते खोटं झालं असतं.

आपला रेडिओ ट्रंकेत, म्हणून शेजारच्या चतुराबाईंकडे जाऊन ऐकायचो. दादा, लोक म्हणतात आवडतं गाणं लागलं की बरं वाटतं. मला त्या गाण्याने सात वर्षांत एकदाही बरं वाटलेलं नाही. निवेदिका नावं वाचायला लागली की मी गावं मोजायचे. चाळीसगाव, परभणी, सातारा, मग नाशिक रोड. आपली नावं आली की वाटायचं, आत्ता तो कुठेतरी ऐकतोय, जिवंत आहे. पुढच्या क्षणाला वाटायचं, नसेल तर? आपण कुणाला ऐकवतोय? तोवर गाणं सुरू होऊन संपलेलंही असायचं. ते पुरतं असं मी कधी ऐकलंच नाही. आणि वर आबांची भीती. पहिल्यांदा आपली नावं लागली तेव्हा चतुराबाईंनी कौतुकाने आवाज इतका मोठा केला की सगळ्या आळीला ऐकू गेलं. आबा त्यांच्याच ओट्यावर पाठ करून बसले होते. मी घरी आले. ते आले, जेवले, ताटात हात धुतला आणि झोपले. एक शब्द नाही. ओरडले असते तर परवडलं असतं. मग माझ्या लक्षात आलं की दर गुरुवारी ते त्याच ओट्यावर असतात. मला वाटायचं, पहारा करतात.

आता तुझ्या पत्रातल्या त्या परिच्छेदावर येते, जो मी वीस वेळा तरी वाचला असेन. तू लिहितोस, एक्याऐंशीच्या मार्चमध्ये तू चहाच्या टपरीवर उभा होतास आणि नावं ऐकलीस: पुंजाराम, सुलाबाई, यशोदा, मंगल. आधी वाटलं भास झाला. मग पावसाळ्यात पुन्हा ऐकलंस, दिवाळीत पुन्हा. तुला कळलं की ज्या माणसाने त्या गाण्यापायी तुला घराबाहेर काढलं, तो आता त्याच गाण्यासाठी आपलं नाव देतो, म्हणजे राग गेला. तरी तोंड दाखवायचं धैर्य गोळा करायला तुला साडेचार वर्षं लागली. लिहितोस, ‘आबांचं नाव ऐकलं की वाटतं, घर जागच्या जागी आहे.’ आणि पुढे, आबांच्या ढोलकीला नवं कातडं चढवून देतो, तोंडाचं माप कळव. दादा, हे वाचून मी मोरीत जाऊन नळ मोठा सोडला आणि रडले, आईला ऐकू जाऊ नये म्हणून.

मंगलचं लग्न होऊन दोन वर्षं झाली. ती सटाण्याला असते, तिला मुलगी आहे. तरी कार्डावर तिचं नाव जातंच. एकदा लिहिलेलं नाव माझ्याच्याने काढवत नाही. मंगलच्या नावाने कुणाचं काही बिघडलं नाही. पण आबांच्या नावाने तू साडेचार वर्षं फसलास, आणि फसवणारी मी आहे.

आबा गेले, दादा. एक्याऐंशीच्या फेब्रुवारीच्या अखेरीस. छातीत पाणी झालं होतं, महिनाभर अंथरुणावर होते. तुला शोधायला मोतीरामकाका इगतपुरीला दोनदा जाऊन आले, पण तू तिथे कधी राहतच नव्हतास. जाण्याच्या चार दिवस आधी दुपारी मी कार्ड लिहीत होते, त्यांना झोप लागलीय असं समजून. त्यांनी हात पुढे केला. मी इतकी घाबरले की कार्ड पदराखाली लपवायला गेले. ते म्हणाले, “दे इकडं. तीन वर्सं ओट्यावर बसून ऐकतोय मी. माझं नाव कुटं हे?” मी पाठीमागे उशी लावली, पेन हातात दिलं. आमच्या तिघींच्या नावांच्या वर जागा फार उरली नव्हती. तिथे त्यांनी स्वतःच्या हाताने ‘पुंजाराम’ लिहिलं, अक्षरं एकमेकांवर चढलेली. मग विचारलं, “वाचतील ना ते? त्याला कळंल ना?” मी हो म्हटलं.

ते कार्ड नेमकं त्यांच्या जलदानविधीच्या दिवशी लागलं. घरात माणसं बसलेली, कुणाच्या लक्षात गुरुवार नव्हता, आणि पलीकडच्या घरातून आबांचं नाव आलं, पहिलं. कुणीतरी म्हणालं, बंद करा ते. आई म्हणाली, “वाजू द्या.” नंतरच्या आठवड्यात मी त्यांचं नाव न घालता कार्ड लिहिलं तेव्हा तिने माझा हात धरला. “पोराला बापाचं मरन रेडिओवरनं कळवती का? कुटं हाटेलात उभा आसंल, जवळ मानूस नाय. पत्ता लागू दे, मग आपल्या तोंडानं सांगू.” मला ते पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा सोपं वाटलं. त्र्याऐंशीत एकदा माझं मन मला खाऊ लागलं, म्हणून आईला न सांगता नाव गाळून कार्ड टाकलं. मग पुढचे सहा गुरुवार मी, देवाला न मानणारी बाई, मनातल्या मनात हात जोडून बसायचे की हे कार्ड लागू नये. लागलं नाही. मी पुन्हा नाव घालायला लागले. तेव्हा तू जे ऐकलंस त्यातलं पहिलं नाव आबांनी दिलेलं होतं. बाकीची माझी. त्या पहिल्याच्या आधारावर तू मला माफ करशील का, ते मला माहीत नाही. आबांनी तुला माफ केलं होतं, एवढं मात्र मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

हे सगळं तू आल्यावर, पाणी देऊन, शेजारी बसवून सांगायचं असं मी ठरवलं होतं. पत्रात लिहायचं नाही, कारण एकट्याने वाचशील आणि रागाने पुन्हा नाहीसा होशील, ही भीती मला कालपर्यंत होती, आत्ताही आहे. पण काल संध्याकाळी आईने सांगितलं की चोवीसला ती स्टेशनवर येणार. गुडघे धरलेत, उन्हात उभी कशाला राहतेस म्हटलं, ऐकत नाही. “आठ वर्सं पोराला पाह्यलं नाय, आनि घरात बसून वाट पाहू व्हय?” म्हणाली, आणि पेटीतून धुतलेलं लुगडं काढून ठेवलं. ती फलाटावर सगळ्यात पुढे उभी राहील, दादा. गाडी थांबायच्या आत, दारातूनच तुला ती दिसेल, आणि आधी दिसेल तिचं मोकळं कपाळ. तिथे, त्या गर्दीत, तुला तसं कळू नये म्हणून हे लिहिलं. आता तुला माहीत आहे. तरी ये.

तुझी वाट बघणारी, तुझीच
यशोदा