जावेच्या बाळाची गुटी

तुळजापूर, १५ नोव्हें. १९५८
धाकट्या जावेला मुलगा झाला. घरात पेढे. सासूबाई मला म्हणाल्या, "तू बाळंतिणीच्या खोलीत जाऊ नको बाई. तुझं दुःख ताजं हाय." माझी कुमू नवरात्रात गेली. दीड महिन्याची होती.

१८ नोव्हें.
सहाण पुन्हा निघाली. वेखंड, जायफळ उगाळण्याचा आवाज चुलीपर्यंत येतो. कुमूच्या वेळी दवाखान्यातल्या नर्सबाईंनी बजावलं होतं, अंगावरच्या दुधाशिवाय थेंब नको, अफू तर नकोच. तान्ह्या जिवाचा श्वास मंदावतो. मी मान हलवली. घरी येऊन सासूबाईंना सांगितलं नाही.

२० नोव्हें.
हे लिहायचंच. कुमू गेली त्या दिवशी आमच्या पुजाऱ्याच्या घरी यात्रेकरू उतरलेले, पुरणाची घाई. कुमू रडत होती. सासूबाई म्हणाल्या, "गुटीत जरा अफू घातली, निजंल आता. तू पोळ्या लाट." कुमू निजली. मला बरं वाटलं. हात मोकळे झाले म्हणून बरं वाटलं.
संध्याकाळी ओठ निळे. सगळे म्हणाले दृष्ट लागली. मीही तेच म्हणाले.

२२ नोव्हें.
ह्यांना अफूचं सांगितलं. म्हणाले, "आई मुद्दाम करंल का?"
मुद्दाम कोण म्हणतं? पण ते टोपी घालून देवळाकडं निघूनही गेले.

२४ नोव्हें.
दोरीवर धुणं घालताना, बाळाला घेऊन उन्हात बसलेल्या जावेला म्हटलं, गुटीत अफू तेवढी घालू देऊ नको. तिनं बाळ पदराखाली घेतलं. "अक्का, माझं लेकरू निजलेलं बघवत न्हाय व्हय तुम्हाला?"
पुढं बोलायला हवं होतं. बादली उचलून आत आले.

२६ नोव्हें., पौर्णिमा
सोलापूरच्या गाड्या भरून आल्या. माजघरात पाय ठेवायला जागा नाही. सकाळपासून खोलीतून रडणं नाही. लाटणं टाकून आत गेले. वाटीला अफूचा वास. तळवे चोळले, बाळ उठेना. श्वास थांबत थांबत. ओरडले.
हे बाळाला घेऊन दवाखान्याकडं पळाले, मागून सासूबाई. जाता जाता मला, "शिवलीसच शेवटी बाळाला!" जाऊ भिंतीला टेकून बसली आहे, माझ्याकडं बघत नाही.
नर्सबाई विचारतील, काय पाजलं? सासूबाई दृष्ट म्हणतील. ह्यांना ठाऊक आहे, पण आईसमोर बोलणार नाहीत. मी जाऊन सांगितलं तर कुमूचंही सांगावं लागेल.
बाहेर पोळ्या मागताहेत. दवाखाना चालत जाण्याइतका जवळ आहे, आणि मी इथं बसून हे लिहिते आहे.