पडदा

रोहा,
५ फेब्रुवारी २०२५

ती. जनीताय हीस,

नूतनचा नमस्कार. इकडं सगळं ठीक. आमचा सुजय कंपनीत कायम झाला, पण सारखी सेकंड शिफ्ट लावतात मेले. निडीच्या शेतात वाल बरा धरलाय. माझा योगवर्ग बंद आहे. पाठ धरलीय, असं बायकांना सांगितलंय. पाठीला काय धाड भरलेली नाय.

तुझा डोळा कसा आहे, हे विचारायला तीन महिने हात धजला नाय.

दिवाळीत तू पेणहून राहायला आलीस. कारखान्यात गणपतींच्या डोळ्यांची आखणी करून करून तुझी मान आखडली होती, म्हणून मीच म्हटलं, चल वर्गात. भुवयांच्या मधे लक्ष लावायचं, आज्ञाचक्र जागं झालं की तिथं प्रकाश दिसतो, असं मी अकरा वर्षं बायकांना शिकवतेय. मला स्वतःला कधी काजवासुद्धा दिसला नाय! हे आजवर कुणाला बोलले नव्हते.

आणि तू तिसऱ्याच दिवशी म्हणालीस, "नूतन, डाव्या डोळ्यात लख्खकन चमकतंय गो. काळे ठिपके पण उडतात."

मी भर वर्गात टाळ्या वाजवल्या. "बघा, माझ्या बहिणीचं चक्र उघडलं!" आतून जळत होते, पण मिरवायची हौस मोठी. दोन दिवसांनी तू म्हणालीस, "बाजूनं पडदा आल्यासारखा वाटतो. डोळ्याच्या डॉक्टरकडं जाऊ काय?" मी मोठी शहाणी! म्हटलं, "अगो ताय, तो अज्ञानाचा पडदा हाय, हलायला लागलाय. आता सोडलंस तर गेलं सगळं." तू पेणला गेल्यावरही रोज बसलीस. माझा शब्द म्हणून बसलीस.

मग डोळा अंधारला तेव्हा भावोजींनी तुला दवाखान्यात नेलं, मीही रोह्याहून धावत आले. डॉक्टरांनी तोच शब्द काढला. डोळ्याचा पडदा सुटलाय, म्हणाले, आणि यायला फार उशीर केलात. कधीपासून, असं विचारल्यावर तू "बारा दिवस" म्हणालीस. भावोजी कडाडले, "आणि घरात कुणाला सांगितलं नाहीस?" मी शेजारीच उभी होते. म्हटलं, "मला पण नाय बोलली."

तू माझ्याकडं बघितलंस आणि मान खाली घातलीस.

तुझी पिंकी फोनवर सांगत होती, आई कुंचला टेकवायला जाते नि तो बोटभर आधीच हवेत थांबतो. आता तुला मूर्ती घासायला बसवलंय म्हणे. आणि बाबा रोज जेवताना बोलतात, दुखणं लपवून स्वतःच्या हातानं डोळा घालवलास म्हणून. तरी तू माझं नाव घेत नाहीस. का गो? माझा वर्ग राहावा म्हणून?

फोन करता आला असता. पण वाचताना तुझा चांगला डोळा गळतो, म्हणून चिठ्ठीचपाटी भावोजीच वाचून दाखवतात, हे मला ठाऊक आहे. म्हणून पत्र.

भावोजी, इथं थांबू नका, मोठ्यानं वाचा. तिनं लपवलं नव्हतं. डोळ्यात चमकलं त्याच दिवशी मला सांगितलं होतं. डॉक्टरकडं जाऊ काय, हेही विचारलं होतं. मी अडवलं, आणि तुमच्यासमोर खोटं बोलले. तिला जे जे बोललात ते मला बोला. रविवारी पेणला येते. दारातूनच हाकललंत तरी चालेल.

ताय, माफी मागायला तोंड नाय.

तू सांगितलेलं सगळं ऐकलेली,
नूतन