पेन्सिलची फुली

१९ नोव्हेंबर, सकाळ

थोरले आणि धाकटे,

माझ्या लेकींनो, आपल्या तिघांची तक्रार एकच आहे. तुमची आई शेवटचे नऊ तास परक्या बंदरातल्या दवाखान्यात होती आणि आपलं माणूस म्हणून तिच्याजवळ कुणी नव्हतं. ही तक्रार घेऊन मी आठ महिने बोलतोय, जहाज कंपनीला निवेदन लिहिलं, तुम्ही दारोदार फिरून त्यावर सह्या घेतल्यात.

तुम्ही बऱ्या असालच. मीही ठीक आहे. गुडघा कुरकुरतो. धाकटीने दिलेला कुकर शिट्टी देतो तेव्हा मी अजून दचकतो. आईच्या कुंड्यांपैकी दोन जगल्या आहेत. पुस्तकबांधणीच्या कारखान्यातली जुनी मंडळी रविवारी आली होती. "बोला ना चार शब्द," म्हणाली. मी चहा केला.

परवा फोनवर थोरली म्हणाली, डिसेंबरात तुम्ही दोघी जहाजाने त्या बंदरात जाणार, आईजवळ बसलेल्या नर्सला भेटणार. मी पासपोर्टचं विचारलं तर मागून धाकटीचा आवाज आला, "बाबा, ठराव झालाय आपला. आता घेतला तर कंपनीचंच खरं होईल." हे ऐकलं आणि मी फोन ठेवला. माझंच वाक्य, माझ्याच सुरात.

तो ठराव आठवतो ना, घरात कुणी पासपोर्ट काढायचा नाही असा? आपल्या घरात पडद्याच्या रंगापासून सगळं हात वर करून ठरायचं. आईच्या आणि माझ्या जहाजाच्या सफरीआधी, त्या संध्याकाळी मी जेवणाच्या टेबलाशी उभा राहिलो. म्हणालो, ज्या माणसाने चाळीस वर्षं दुसऱ्यांची पुस्तकं शिवली, त्याने आपण कोण आहोत हे सांगायला कुणाच्या खिडकीपुढे उभं का राहायचं? पैसेवाल्याला दार उघडतात आणि आपल्याला कागद मागतात. जहाज इथूनच निघतं, इथेच परत येतं. मग माहितीपत्रक उचलून वाचून दाखवलं: "या सफरीसाठी पासपोर्ट सक्तीचा नाही." तुम्ही टाळ्या वाजवल्यात. तीन हात वर, आईचा खाली.

त्या वाक्यापुढे आणखी एक वाक्य होतं.

"मात्र वाटेत अचानक उतरावं लागल्यास पासपोर्टशिवाय अडचण येऊ शकते, म्हणून तो जवळ ठेवावा." मला ते दिसलं होतं. वाचलं असतं तर भाषण पडलं असतं. सभेत अर्धंच वाचायचं कसब मी आयुष्यभर वापरलं, मालकांविरुद्ध वापरलं, आणि त्याचा मला अभिमान होता. त्या दिवशी घरात वापरलं. आईने पत्रक आधीच वाचलेलं होतं. ती टेबल पुसत राहिली. एवढंच म्हणाली, "झाली का सभा? पानं घेते."

पाचव्या दिवशी सकाळी न्याहारी करताना तिच्या हातातून चमचा पडला. बोलणं जड झालं. जहाजाच्या डॉक्टरने पाहिलं आणि जहाज जवळच्या बंदराकडे वळवलं. तिथला अधिकारी वर आला. तुम्हाला मी सांगितलं, की कंपनीने तिला उतरवलं आणि मला अडवून ठेवलं. ते तसं नव्हतं. अधिकाऱ्याने दोघांचे कागद मागितले. आईने खुर्चीत बसल्याबसल्या पर्स पुढे केली. आत तिचा पासपोर्ट होता. नवाकोरा.

अधिकारी माझ्याकडे वळला. मी बोलायला लागलो. पाच हजार माणसं ज्याने संपावर नेली तो मी, एका तरुण माणसासमोर घसा फुटेपर्यंत बोललो. त्याला वाईट वाटत होतं, ते मला दिसत होतं. तो म्हणाला, "कागद दूतावासाकडून येईपर्यंत दोन दिवस लागतील." आईने तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला. अडखळत म्हणाली, "अहो, आता भांडू नका. बसा खाली. येते मी."

मी बसलो. कठड्याच्या फटीतून तिला नेणारी दवाखान्याची पांढरी गाडी वळणापर्यंत दिसली. दुपारी जहाज निघालं. रात्री दहाच्या सुमारास मला जहाजाच्या कचेरीत बोलावलं.

तो पासपोर्ट मी तुमच्यापासून लपवला. तुम्ही विचारलं असतं, तिचा होता तर तुमचा का नव्हता.

गेल्या आठवड्यात तिच्या खणात एक पाकीट सापडलं. टपाल कचेरीच्या खिडकीमागे तीस वर्षं लोकांचे फॉर्म भरून देणारी बाई ती. आत माझा अर्ज होता, तिच्या गोल अक्षरात पूर्ण भरलेला, संघटनेच्या ओळखपत्रासाठी काढलेल्यांतला उरलेला फोटो चिकटवलेला. फक्त सही राहिली होती. सहीच्या जागी पेन्सिलची बारीक फुली होती. खिडकीवर यायचे त्या म्हाताऱ्यांना करून द्यायची तशी. तिने मला एकदाही म्हटलं नाही, सही करा. माझ्याशी वाद घालून कधी कुणी जिंकलं नाही, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं?

तुम्ही हात वर केलेत ते माझ्या अर्ध्या वाक्याला. त्यात तुमचा दोष नाही. निवेदन मी कालच मागे घेतलं. सह्या देणाऱ्यांना मीच जाऊन सांगणार आहे.

मी काल सही केली. फुली खोडली नाही, तिच्यावरूनच केली. डिसेंबरात मला बरोबर न्यायचं की नाही, ते तुम्ही दोघींनी ठरवा. मी मत देणार नाही.

सोबत दोन अर्ज आहेत. मला जमेल तसे भरलेत. सहीच्या जागी फुली मी केली आहे, आईसारखी बारीक नाही जमली. सोमवारी पासपोर्ट कचेरी दहाला उघडते. हात वर करू नका. जा, आणि फुलीवर सही करा.

आईने खाली बसवलेला,
तुमचा बाबा