खुर्चीवर बसवलेली हजेरी

प्रिय धाकट्या,

'प्रिय' हातून सवयीनं लिहिलं गेलं, त्यात फार काही शोधू नकोस. काल कारखान्यातून निघाले तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली होती. समोर बोलले असते तर तोंडून नको ते गेलं असतं, म्हणून लिहितेय.

सोमवारी पुठ्ठा कापायच्या मशीनमध्ये, ते मशीन चालवणाऱ्या आपल्या मास्तरांची दोन बोटं चिरडली. मंगळवारी तू त्यांच्या घरी गाडी पाठवलीस. मला वाटलं, वा, माझ्या भावाला माया फुटली! जाऊन बघते तर काय, मास्तर गोदामात खुर्चीवर, बँडेजचा हात गळ्यात बांधलेला, आणि डाव्या हातानं लेबलं मोजतायत. घामानं चिंब, ओठ पांढरेफटक. का, तर माणूस हजर असला की रजा पडत नाही, रजा नाही म्हणून अपघाताच्या वहीत नोंद नाही, आणि नोंद नाही म्हणून तुझ्या केबिनमधली 'अपघातमुक्त वर्षा'ची ढाल शाबूत! अरे, सुचतं तरी कुठून रे तुला हे?

ती वही मीच ठेवते, हे विसरले नाहीये. मागच्या वर्षी त्याच मशीननं पॅकिंगच्या काकूंचं नख उपटलं, तेव्हा तू हसत म्हणालास, ताई, नखाचं काय लिहायचं, आणि मी नाही लिहिलं. लाडका भाऊ ना! लिहिलं असतं तर चौकशी झाली असती, पात्यापुढची तुटकी जाळी तेव्हाच बदलावी लागली असती. मास्तरांची बोटं माझ्याही माथी आहेत. सोमवारपासून हे मी स्वतःला ऐकवतेय, आता तूही ऐक.

पण काल तू हद्द केलीस. जाळी तशीच, आणि त्या मशीनवर मास्तरांच्याच सुनेला उभं केलंस. मी विचारलं तर म्हणे, ती चपळ आहे. मला तुझी लाज वाटली रे.

आज तू दिवसभरासाठी बाहेरगावी गेलास. मी वहीत दोन्ही नोंदी केल्या, नखाचीसुद्धा, उशिरा केली असं स्पष्ट लिहून. मशीन बंद करून कुलूप घातलं, मास्तरांना घरी पाठवलं आणि कारखाना निरीक्षकांना फोन केला. उद्या दहाला येतायत. मालकाच्या सहीची जागा मोकळी ठेवलीय. त्याआधी ये आणि सही कर. नाही आलास तर त्यांच्यासमोर तुझ्याविरुद्ध मी बोलेन, आणि सुरुवात माझ्या चुकीपासून करीन.

तुझीच, इलाज नाही म्हणून,
ताई