जड पत्रा सुटला म्हणे

४ मार्च

चि. बारक्या यास,
अ. उ. आ.

आशीर्वाद नेहमीचेच, ते गृहीत धर. तुझं पत्र परवा आलं. चष्मा लावून वाचलं, मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मजकूर तोच निघाला. तुझं ते हेवी मेटल सुटलं म्हणे. वय झालं की आवड बदलते, आता तू बासरी ऐकतोस. आणि ज्या हॉलमध्ये तुम्ही तिघांनी पहिल्यांदा वाजवलं होतं तो पाडायच्या आधी एकदा शेवटचं वाजवू म्हणून ड्रम बडवणारा ढोल्या आणि गाणारा केकाट्या मागे लागलेत, तर त्यांना तू नाही म्हणून कळवलंस.

फार छान. पंचविशीला सुटेल असं तुझा बाप म्हणायचा. लग्न झालं की सुटेल असं तुझी आई. मुलगी झाली की सुटेल असं मी म्हणाले होते, तर तू त्या पोरीला तेच लावून झोपवायला लागलास. पोर झोपायची हे विशेष. आता पन्नाशीला आलास आणि एकदम कळवतोस की सुटलं. दारू सोडायला माणसाला दवाखाना लागतो. तुझं आपलं मंगळवारी सुटलं.

हेवी मेटल म्हणजे जड पत्रा. तो काय असतो ते मला विचार. डब्यांची पत्र्याची झाकणं बनवायच्या कारखान्यात मी उभं आयुष्य प्रेसवर काढलं. माझे कान तिथेच राहिले, म्हणून तर फोन सोडून हा पत्रांचा उद्योग. पण मला त्याचा पगार मिळायचा. तू हौसेने कान फोडून घेतलेस. आणि धंदा काय करतोस, तर लोकांच्या कानात ऐकायची यंत्रं बसवतोस. संध्याकाळी फोडायचे, सकाळी दुरुस्त करायचे. गिऱ्हाईक तयार करायची ही पद्धत मी दुसऱ्या कुठल्या दुकानात पाहिली नाही.

तेव्हा खरं काय ते लिही. सूनबाईने दम दिला का? गुडघे गेले का? साहेब काही बोलला का? केस गेल्याची लाज वाटत असेल तर टोपी घाल. झुलवायला केस उरले नाहीत म्हणून कुणी वाजवायचं थांबत नाही. वयाचं मला सांगू नकोस, वय माझ्याकडे तुझ्यापेक्षा जास्त आहे.

बाकी ठीक. नळ गळतो. प्लंबर नक्की येतो म्हणाला, म्हणजे येणार नाही.

लोभ आहे तेवढा पुरे, वाढवत बसू नकोस.

तुझी आत्या


१२ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. कुणीही दम दिलेला नाही. गुडघे शाबूत आहेत. टोपी आहे.

तुला थट्टा वाटते, पण माणसाची आवड खरंच परिपक्व होते. विशीत अंगात राग असतो, तो कुठेतरी ओतायला लागतो. आता मला राग कशाचा? दुकानात एसी आहे. शिवाय साहेब नवीन शाखा माझ्याकडे द्यायच्या विचारात आहेत. आमची गिऱ्हाईकं सत्तरीच्या पुढची. मागच्या आठवड्यात एका आजीबाईंच्या कानात यंत्र बसवत होतो, तेवढ्यात त्यांच्या मुलीने फोनवर माझा जुना फोटो शोधून त्यांना दाखवला. अंगात काळा गंजी, जीभ हनुवटीपर्यंत. आजीबाईंनी यंत्र काढून माझ्या हातात ठेवलं आणि दुसरा कुणी माणूस नाही का असं विचारलं. साहेब शेजारीच उभे होते.

आणि खरं सांगायचं तर पहिल्यापासून तूच बरोबर होतीस. आमचा पहिला कार्यक्रम आठवतो का? तू कारखान्यातली पाळी संपवून कामाच्या कपड्यांत तशीच हॉलवर आलीस, सगळ्यांत पुढे उभी राहिलीस आणि हात वर करून पहिलं बोट आणि करंगळी दाखवलीस. आजूबाजूची पोरंही तेच करत होती, कारण आमच्याकडे ती वाहवाची खूण. ढोल्या अजून सगळ्यांना सांगतो की आपली पहिली चाहती म्हणजे बारक्याची आत्या. पण मी तुझ्या घरात वाढलो. कारखान्यात आवाजामुळे बोलता येत नाही म्हणून तुम्ही बायका हातांनी बोलायचात, आणि त्या खुणेचा अर्थ मशीन बंद कर. घरी मी गिटार घेऊन बसलो की तू दारात येऊन तीच खूण करायचीस. सगळा हॉल वाहवा म्हणत होता आणि माझी आत्या बंद कर म्हणत होती, हे एकट्या मला कळलं.

तीस वर्षं मी तुझं न ऐकता वाजवलं. आता ऐकलं. गिटार पेटीत घालून माळ्यावर टाकली आहे. तुला बरं वाटेल असं वाटलं होतं.

नळाचं बघतो. लोभ कमी करू नये ही विनंती.

तुझा
बारका


१५ मार्च

ती. आत्याबाईंना,
सा. न. वि. वि.

यांना न सांगता लिहिते आहे. यांचं वाजवणं मी बंद केलं असा तुमचा समज झाला असेल तर तो काढून टाका. मला ते कधीच आवडलं नाही, लग्नाआधीही नाही. दिवसभर शाळेत पोरांचा कल्ला ऐकल्यावर कुणाला आवडेल? पण वाजवून आले की हे चार दिवस माणसात असायचे.

आता घरात शांतता आली आहे आणि राहणं मुश्कील झालं आहे. बासरी लावतात आणि चमचे आकाराप्रमाणे लावत बसतात. मुलीला दार हळू लाव म्हणून सांगतात. ती नुसती यांच्या तोंडाकडे बघते. सांगणार कोण, तर हे.

आणि सुटलं कसलं. दुकानातून आले की गाडीतून उतरत नाहीत. काचा वर करून आत बसतात आणि गाडी जागच्या जागी थरथरते. शेजारच्या वकिलांनी मला बाजूला घेऊन इंजिन एकदा दाखवून घ्या असं सुचवलं. मी हो म्हटलं. काय सांगू?

कार्यक्रम या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आहे. ढोल्या भाऊजी रोज आमच्या दारावरून ट्रक नेतात आणि हॉर्न वाजवतात. केकाट्या भाऊजी आता भूल देणारे डॉक्टर झालेत, इतकी वर्षं लोकांची झोप उडवून. दोघांनी निक्षून सांगितलं आहे की यांच्या जागी दुसरा कुणी घेणार नाही. हे गेले नाहीत तर कार्यक्रम नाही. हे तुमचंच ऐकतात. माझं ऐकत नाहीत, आणि मी तर ओरडून सांगते.

तब्येतीला जपा. आमच्यावरचा लोभ राहू द्या, यांच्यावरचा थोडा आवरा.

तुमची
सून


१८ मार्च

चि. बारक्या यास,
अ. उ. आ. अक्कल येवो असाही एक त्यात धर.

तुझं पत्र वाचून कपाळावर हात मारणार होते, पण हातात पाना होता. नळ मीच बसवला.

अरे गाढवा, तू खूण अर्धीच शिकलास. बोटं दोनच, पण तळवा कुणीकडे ते बघायचं असतं. तळवा समोरच्याकडे असला तर बंद कर. तळवा आपल्याकडे असला तर चालू ठेव, पत्रा नीट जातोय. दुसरा हात कामात अडकलेला, म्हणून एकाच हातावर दोन्ही भागवायचं. पलीकडच्या मशीनवरच्या बाईला तेवढं पुरायचं. तुला घरात चालू ठेव कधी दिसलं नाही, कारण चालू ठेवण्यासारखं तू घरात काही करतच नव्हतास. परीक्षा तोंडावर आणि याचं तुणतुणं सुरू.

त्या दिवशी हॉलमध्ये तळवा माझ्या नाकासमोर होता. मला पक्कं ठाऊक आहे, कारण झाकणाची धार लागून तळव्याला पट्टी बांधली होती आणि तिच्यातून रक्त येतंय का ते मी बघत होते. तुला स्टेजवरून माझ्या हाताची पाठ दिसली असणार. नीट आठव. डोळे होते ना तेव्हा, का तेही केसांखाली?

आता लगेच फुगू नकोस. मला ते आवडलं होतं असं अजिबात नाही. चार नंबरच्या प्रेसचा बोल्ट सैल झाला की तसाच आवाज यायचा, आणि केकाट्या तर त्यात बोट सापडल्यासारखा बोंबलत होता. पण तुम्हा तिघांना एकमेकांचं काही ऐकू येत नव्हतं, तरी एकमेकांच्या हातांकडे बघून वाजवत होतात आणि ठोका चुकत नव्हता. आमची लाइन अशीच चालायची. नीट चाललेली लाइन बंद करा असं मी कशाला सांगेन? उलट असली लाइन कुणी बंद केली की त्याला शिव्या बसायच्या.

आणि ते परिपक्व म्हणजे काय रे? पेरू परिपक्व होतो, मग त्याला चिलटं लागतात. राग नाही म्हणतोस, एसी आहे म्हणतोस. मग गाडीत काचा वर करून काय बासरी ऐकतोस? बासरीने गाडी हलत नाही. कुणी सांगितलं ते विचारू नकोस. सुटलं असतं तर खिडकी उघडी टाकून ऐकलं असतंस आणि कंटाळून स्वतःच बंद केलं असतंस. लपवावं लागतं ते सुटलेलं नसतं. लाजेला वय म्हणायची पद्धत पडली आहे, एवढंच.

साहेबाला तू होऊन सांग, परत कुणाच्या लेकीने फोटो दाखवायच्या आधी. शाखा देईल नाहीतर न देईल. गिटार माळ्यावरून काढ, कानात तुमचे ते बोळे घाल आणि जा. दोन माणसं तुझ्यासाठी खोळंबलीत. माझ्या नावावर थांबला असशील तर ते नाव मी परत घेते.

लोभाचं नंतर बघू.

आत्या


२ एप्रिल

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

वाजवलं.

आधी साहेबांना सांगितलं. ते माझ्या टकलाकडे बघत शाखेचं मग बघू म्हणाले. त्यांनी मग बघितलं. शाखा दुकानातल्या टाय घालणाऱ्याला मिळाली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण त्याच संध्याकाळी गाडीच्या काचा खाली केल्या. वकील आता इंजिनाचं विचारत नाहीत.

हॉल भरला होता. पूर्वी पुढे उभं राहायला मारामारी व्हायची, या वेळी खुर्च्यांसाठी झाली. चष्मे काढून खिशात ठेवल्याशिवाय कुणी डोकं हलवेना. आम्ही सगळी गाणी जरा हळू वाजवली. ढोल्या म्हणतो मुद्दाम. ऐकणाऱ्यांतल्या एकाची पाठ धरली, तर केकाट्या स्टेजवरून उतरला, त्याला पालथा घालून तपासला, दोन गोळ्या लिहून दिल्या आणि वर येऊन उरलेलं किंचाळला. मुलगी मागे भिंतीला टेकून उभी होती. वाटलं होतं तितकं वाईट नव्हतं म्हणाली. तुझी सून डोकं दुखतं म्हणाली, पण शेवटपर्यंत होती.

तळव्याचं आठवलं. हाताची पाठच दिसली होती, नखांत काळं तेल. इतकी वर्षं ते तेल आठवत होतं, पण ती हाताची पाठ आहे हे डोक्यात आलं नाही.

आता गंमत ऐक. सोमवारी दुकान उघडलं तर बाहेर सगळे काळे गंजी. अर्ध्या हॉलला कान तपासून घ्यायचे होते. टायवाल्याच्या शाखेत माश्या आहेत.

अडचण एकच. तिघांनाही चटक लागली आहे आणि सराव करायला जागा नाही. हॉल तर पाडला. आमच्या घरी वकील पोलिसांचं नाव काढतात. केकाट्याच्या घराखाली त्याचेच पेशंट राहतात. ढोल्याच्या ट्रकमध्ये करून पाहिलं. मागचं दार लावलं की जीव घुसमटतो, उघडलं की लोक गोळा होतात आणि अपघात झाला का विचारतात. एवढ्यावरच थांबावं लागेल असं दिसतं. पण या वेळी वय झालं असं लिहिणार नाही.

लोभाचं बघून झालं असेल तर कळव.

तुझा
बारका


७ एप्रिल

चि. बारक्या यास,
अ. उ. आ.

शाखा गेली याचं मलाही वाईट वाटलं. विसरशील. त्या काळ्या गंजीवाल्यांचे कान मात्र नीट बघ. म्हातारपणी ही गाणी सुटतात का म्हणून लोक चर्चा करतात, आणि इथे गाण्यांच्या आधी कान सुटलेत.

थांबायचं काही कारण दिसत नाही. जागा नाही म्हणून रडतोस आणि जागा डोळ्यांसमोर आहे ती दिसत नाही, हे तुझं लहानपणापासूनचं. माझी मागची खोली रिकामी आहे. त्यात एक पलंग आणि जुनी शिलाई मशीन, दोन्ही ढोल्या एका हाताने उचलेल. रविवारी दुपारी या. सूनबाईला डोकेदुखीची गोळी घेऊन यायला सांग, नाहीतर घरी झोपू दे बिचारीला.

शेजाऱ्यांची काळजी करू नका. ते तक्रार घेऊन येतील, दार मी उघडेन. मला काही ऐकू येत नाही हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. ते ओरडतील, मी मान हलवेन, वरून पाणी हवं का विचारेन. दोन-तीन रविवार येतील, मग दमतील. त्यांचंही वय झालंय.

खोली झाडायची तुम्ही. लोभ तिथेच मिळेल.

तुझी
आत्या