उजवा कौल

गुरुवार, ५ डिसेंबर

नवी नोकरी, नवं गाव! नाशिकची पोरगी कोकणात जाऊन लोकांना वल्हं मारायला शिकवणार हे ऐकून आईने कपाळावर हात मारला होता. सोबतीला म्हणून तिने निहारला माझ्यामागे शेपटासारखं लावून दिलं, आणि निघताना बजावलं मात्र मलाच, की धाकट्याला धडधाकट परत आण. धाकटा म्हणजे बावीस वर्षांचा घोडा. एसटीत रात्रभर माझ्या खांद्यावर घोरला.

कट्टा गावच्या स्टॉपवर चंदन न्यायला आला होता. कयाक त्याच्या, धंदा त्याचा, मी त्याची पहिलीच पगारी माणूस. नाताळचे पाहुणे यायच्या आधी आम्ही तिघांनी सगळी सहल एकदा करून बघायची. डोंगर चढून पलीकडे उतरायचं आणि तिथून खाडीत कयाक घालून थेट समुद्रापर्यंत.

मुक्काम त्याच्या घरी, चिरेखोलला. त्याच्या आईने, विमलाकाकींनी, घावणे आणि काळ्या वाटाण्याची उसळ वाढली. वाढता वाढता त्या एकेक कोंबडी पकडून टोपलीत कोंबत होत्या. उद्यापासून गावपळण. सगळं गाव गुरं, कुत्री, मांजरं घेऊन वेशीबाहेरच्या माळावर झोपड्या घालून राहतं. तीन रात्री गाव 'त्यांचं'. चौथ्या दिवशी देवाला कौल लावायचा, उजवा, म्हणजे होकार, मिळाला की ढोल वाजवत घरी, नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. मी विचारलं, कोंबड्यांना कशाला त्रास? काकी हसल्या नाहीत. म्हणाल्या, "एक कोंबडी जरी जिती आत रवली गो चेडवा, तरी देव कौल देवचो नाय."

मला तर ही अख्ख्या गावाची सहलच वाटली. छान झोप येणार आज.

शुक्रवार, ६ डिसेंबर

सकाळी काकींनी पेटत्या चुलीत पाणी ओतलं. दाराला नुसती कडी लावली, कुलूप नाही. गावात या दिवसांत चोरी करायला कोण धजणार, म्हणे.

चढण छातीवरची होती. निहारने वाटेत निदान चार वेळा 'मी इथेच मरतो' म्हणून घेतलं आणि वर पोचल्यावर सगळ्यांत जास्त चिवडा खाल्ला. वरून चिरेखोल दिसलं. कौलं, माड, खाडी, आणि कुठेही धूर नाही.

उद्या खाडीतून जाताना गावासमोर मधल्या पाण्यातून जायचं, काठाला लागायचं नाही, असं चंदनने बजावलं. आतून ओळखीच्या आवाजात हाक आली तरी ओ द्यायची नाही. मी म्हटलं, भुतांना कयाक शिकवू, पैसे मिळतील. तो हसला, पण "गावात पाय घालूचो नाय" हे त्याने पुन्हा सांगितलंच.

शनिवार, ७ डिसेंबर

दिवस सरळ गेला असता तर! दुपारी निहार उभा राहून फोटो काढायला गेला आणि उलटला. खडकांवर कालवं चिकटलेली असतात, सुरीसारख्या कडांची. पोटरी घोट्यापासून गुडघ्यापर्यंत उघडली. आत पांढरं हाड दिसलं मला.

समोर चिरेखोलचा धक्का होता. फोनला रेंज नव्हती आणि भरती उलटी लागलेली. चंदन म्हणाला, पुढच्या गावापर्यंत वल्हं मारू. मी त्याच्यावर ओरडले, माझा भाऊ मरेल आणि तू भुतांचं काय सांगतोस? त्याला काही बोलू न देता मीच कयाक काठाला घातली.

त्याच्याच घरात आलो. जखम धुवायला पाणी उकळायचं होतं, म्हणून मी चूल पेटवली. चंदन उंबऱ्यावर हात जोडून उभा राहिला, बराच वेळ. रक्त थांबलंय. निहार झोपलाय. बाहेर एक कावळाही ओरडत नाही. पहाटे ओहोटी लागली की निघायचं.

रविवार, ८ डिसेंबर

पहाटेच्या ओहोटीला मी आणि चंदन धक्क्यावर गेलो तर बांधलेल्या कयाक तिथे नव्हत्या. परत आलो तेव्हा तिन्ही अंगणात होत्या. टोकापासून टोकापर्यंत चिरलेल्या आणि उघडून वाळत घातलेल्या, सुकवायला मासे टाकतात तशा.

चंदन वेशीवरून माणसं आणतो म्हणून निघाला. दारात थांबून म्हणाला, "तुजी चूक नाय गो. चूल मियां पेटवूक दिलंय."

दुपारपर्यंत आला नाही. शोधायला गेले. शेजारच्या अंगणात नारळ सोलायची पहार रोवलेली आहे. चंदन तिच्यावर होता. नारळासारखाच सोललेला, डोक्यापासून खाली. बाजूला नारळाच्या सालीची सोडणं रचतात तशी त्याची कातडी रचलेली.

घरी धावले. मग निहारला पाठीवर घेतला आणि पळाले. वेस दिसली. माळावर झोपड्या, धूर, माणसं. घसा फाटेस्तोवर ओरडले. सगळ्यांनी पाठ फिरवली. एकट्या विमलाकाकी वळल्या. मी चंदनचं नाव घेतलं तशा त्या धावायला लागल्या, लोकांनी त्यांना धरून ठेवलं.

तेवढ्यात पाठीवरून निहार ओढला गेला. जखमेच्या पायाने, फरफटत. ओढणारं कोणी दिसत नव्हतं. मी एक पाऊल पुढे टाकलं असतं तर वेशीबाहेर होते.

मी मागे पळाले.

सोमवार, ९ डिसेंबर

निहार सापडला. गोठ्यात. गळ्यात दावं. जिवंत आहे.

चांगला पाय गुडघ्याखाली नाही. घाव एकाच फटक्याचा. त्यात राख भरलेली — मरू नये म्हणून. बाकीचा नंतर लागेल म्हणून.

दावं तोडलं. त्याला माळ्यावर चढवलं, कसं ते विचारू नये. भिंतीवरचा कोयता जागेवर नाही. मागीलदारी कोणीतरी तो दगडावर घासतंय. सकाळपासून.

आज कौल होता. ढोल वाजला नाही. कान लावून बसले — नाही. का नाही ते आता कळलं. आत जितं आहे तोवर देव उजवा देणार नाही. आम्ही जगलो तर कोणी येणार नाही. आणि कोणी आलं नाही तर —

निहार विचारतो, ताई, आईला काय सांगशील. मी म्हटलं, गप्प. धडधाकट नेणार तुला. नेणारच.

घासणं थांबलं.

मंगळवार, १० डिसेंबर

शिडी वाजली. मी निहारच्या अंगावर पडले. कोयता — मानेवर, दोनदा. मग त्याला. मग पुन्हा मला, वाटतं. नीट आठवत नाही.

पण दुखत नाही. कमाल आहे. निहारही म्हणतो, ठणका गेला. कोयता खाली पडलाय. ते गेले वाटतं. वाचलो आम्ही —

ढोल! ढोल वाजतोय! वेशीकडून, जवळ येतोय. गुरांच्या घंटा, कुत्री. निहार, आले रे! आईला फोन करू, आधी आईला —

झरोक्यातून दिसतायत. काकी पुढे, डोक्यावर टोपली. हाक मारली. त्यांनी वर बघितलं, अगदी माझ्याकडे. आणि दुसरीकडे बघितलं, जसं इथे कोणी —

कौल उजवा झाला. म्हणजे आत जितं कोणी —

पण मी तर लिहितेय. निहार तर हसतोय माझ्याकडे बघून. निहार, जरा इकडे वळ. तुझी मान —